वरची मोकळी जागा

मी ग्राफिक डिझाइन शिकते म्हणजे नक्की काय करते, हे आमच्या मुलुंडच्या सोसायटीत अजून कुणाला समजलेलं नाही. सेक्रेटरीकाकांचा समज असा, की मी कॉम्प्युटरवर वाढदिवसाचे बॅनर बनवते. आई पाहुण्यांना सांगते, "चित्रकलेचंच आहे, पण नोकरी लागते त्यात." बाबा काहीच सांगत नाहीत. कुणी विचारलंच तर ते माझ्याकडे बोट दाखवतात आणि पेपर वर धरतात.

गैरसमज व्हायला थोडी मीही जबाबदार आहे. पहिल्या वर्षी मी प्रोजेक्ट म्हणून सोसायटीचा नोटीस बोर्ड नव्याने केला. जुन्या बोर्डावर सगळं लाल अक्षरांत, सगळ्याखाली दोन-दोन रेघा आणि कोपऱ्यात विनाकारण एक गुलाब. मी तिथे बारीक राखाडी अक्षरं आणली, चहूबाजूंनी मोकळी जागा सोडली. 'गुरुवारी पाणी येणार नाही' ही सूचना इतकी देखणी झाली, की कुणी वाचलीच नाही. गुरुवारी बी विंगमधल्या बऱ्याच लोकांच्या डोक्याला शॅम्पू होता आणि नळ कोरडा. दुसऱ्या दिवशी माझ्या बोर्डावर जाड मार्करने लिहिलेलं होतं, 'पाणी!!!', आणि खाली दोन रेघा.

दुसऱ्या वर्षी मी स्टेशनजवळच्या माणिकशेठसाठी वडापाव गुंडाळायचा कागद केला, त्यावर मिरच्यांची सुंदर नक्षी. माणिकशेठने तो उभा-आडवा बघितला, "झकास," म्हणाले, आणि त्याच कागदाने चटणीचं भांडं पुसलं. मी आठवडाभर त्यांच्याकडचा वडापाव खाल्ला नाही.

अंधेरीला आमच्या कॉलेजात जान्हवी मॅडम आहेत. त्यांना मी हे रागारागाने सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, ह्याचा मला जास्त राग आला. त्या म्हणाल्या, "ऋतिका, तुझं काम चांगलं असतं. पण तू वस्तू बनवतेस आणि ती माणसांच्या हातात गेली की रुसून बसतेस. तिसऱ्या वर्षी खरं काम कर. खरा ग्राहक, खरी छपाई. लोकांनी वापरल्यावर काय झालं ते परीक्षकांना सांग."

तेवढ्यात घरातच लग्न निघालं.

लग्न दादाचं. दादा म्हणजे सुबोध, अंधेरीच्या एका विमा कंपनीत आहे, आणि माधुरी त्याच ऑफिसात त्याच्या समोरच्या टेबलावर. ती घाटकोपरची, बौद्ध घरातली. आम्ही कणकवलीकडचे परब. वर्षभर दोन्ही घरांत जे काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. अबोले झाले, गावाहून फोन आले, एका आत्याने जेवण सोडलं आणि संध्याकाळी परत धरलं. शेवटी दोन्ही बाप तयार झाले, पण अटींवर. ह्यांचं काही असेल तर आमचंही हवं, आमचं नसेल तर त्यांचंही नको, असं करत करत विधी एकेक करून गळाले. रजिस्टर लग्न आणि मग मुलुंडला हॉलवर जेवण, एवढंच उरलं.

मंगलाष्टकं नाहीत, बुद्धवंदना नाही, मुहूर्त नाही. मग दोन्ही बापांच्या हातात राहिली फक्त पत्रिका, आणि पत्रिकेत सगळ्यात वर कोण, इथे घोडं अडलं. बाबांना गणपती हवा होता. त्याखाली कुलस्वामिनी, त्याखाली गावचा रवळनाथ. माधुरीचे पप्पा, अंबादासकाका, महापालिकेतून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले. त्यांना भगवान बुद्ध आणि बाबासाहेब हवे होते, शेजारी शेजारी. दोघंही अगदी सभ्यपणे बोलत होते. पण कुणी एक इंचही खाली यायला तयार नव्हतं.

"मग दोन छापू," बाबा म्हणाले. "आमची आमच्याकडे, त्यांची त्यांच्याकडे."

माधुरी तेव्हा आमच्याच घरी होती. तिने चहाचा कप खाली ठेवला. "काका, पत्रिका एकच छापायची. दोन छापल्या, तर रजिस्टर करून मी सरळ घरी जाईन. हॉलवर येणार नाही."

ती हे भांडून बोलली नाही. तिच्या मावसबहिणीच्या, दिशाच्या, लग्नात दोन पत्रिका झाल्या होत्या. सासरच्या पत्रिकेत दिशाच्या वडिलांचं आडनाव छापलंच नव्हतं. नुसतं पहिलं नाव, म्हणजे पाहुण्यांना काही कळायला नको. दिशाचे वडील ती पत्रिका हातात घेऊन हॉलच्या दारात उभे होते, हे माधुरीने पाहिलेलं होतं. हे सगळं तिने आम्हाला सांगितलं आणि म्हणाली, "माझ्या पप्पांना मी तसं उभं करणार नाही."

दादा टेबलावरच्या शेवेचा एकेक तुकडा वेचून खात होता. त्याला संकटात भूक लागते. मग मी म्हणाले, "पत्रिका मी करते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नोटीस बोर्ड सगळ्यांना आठवत असणार, पण दुसरा मार्गही नव्हता.

मला उत्तर आधीच सापडलं होतं. वर कोण, असं भांडण असेल तर वर कोणीच नको. मी जाड, दुधी रंगाचा कागद निवडला. खालच्या भागात दोन नावं, 'सुबोध आणि माधुरी'. मागे चिरंजीव नाही, आयुष्मान नाही, काही नाही. त्याखाली दोन्ही घरच्यांची नावं, आडनावांसकट, एकाच मापात. मग हॉल आणि वेळ. वरचा सगळा भाग कोरा. ह्या कोऱ्या भागाबद्दल मी मॅडमना दोन पानं लिहून दिली. त्यात 'शांतता' हा शब्द पाच-सहा वेळा होता.

नमुना घेऊन आधी बाबांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"ह्यां काय गो? तेराव्याचा वाटता."

"बाबा, ही मोकळी जागा आहे. वर कोणीच नाही, म्हणजे दोघांचा मान सारखा."

बाबांनी कोऱ्या भागावरून अंगठा फिरवला. मी अजून बराच वेळ बोलायच्या तयारीत होते. ते म्हणाले, "बरा आसा. छाप."

घाटकोपरलाही तसंच झालं. माधुरीच्या आजी सोनूबाईंनी तेवढं विचारलं, "पोरी, वरचं छापायचं ऱ्हायलं का? रंग संपला व्हय?" पण अंबादासकाकांनी पट्टी काढली, कोरा भाग मापला आणि खुशीत मान डोलावली. "चांगली प्रशस्त सोडली आहेस जागा. असू दे अशीच."

दोन कडक माणसं मी एका दिवसात पटवली. ट्रेनिंग कामाला आलं, असं मला वाटलं. त्या आठवड्यात मी कॉलेजात जरा मिजाशीतच फिरत होते. माधुरीने पत्रिका बघितली, बराच वेळ हातात धरली आणि पप्पांच्या आडनावावर बोट ठेवून म्हणाली, "छान आहे गं. खरंच." मला माझ्या कुठल्याही कामाबद्दल इतकं बरं आजवर वाटलं नव्हतं. पत्रिका छापून आल्या. अर्ध्या मुलुंडला ठेवल्या, अर्ध्या घाटकोपरला पाठवल्या.

पुढच्या शनिवारी कॉलेजातून घरी आले तर आतल्या खोलीतून ठप्प, ठप्प असा आवाज येत होता. बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर लाल शाईचं पॅड, हातात गणपतीचा रबरी शिक्का. आई एकेक पत्रिका उचलून शाईवर फुंकर घालत होती आणि चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावत होती. सबंध पलंगावर माझी शांतता वाळत पडली होती.

"बाबा, हे काय?"

"काय म्हणजे? जागा सोडलंस ना तू."

"ती रिकामी ठेवायला सोडली होती."

"रिकामी कित्याक कोण ठेवतला?" बाबांना माझं म्हणणं खरोखरच कळलं नव्हतं. "आणि ही काय आम्ही छापलेली नाय हां. छापलेली एकच आसा. ही आपली आमच्याकडच्या लोकांसाठी. देव नाय नि हळद नाय, अशी पत्रिका गावाक पाठवली तर लोक रडत येतील."

ह्या क्षणी मला माधुरी आठवायला हवी होती. तिची अट आठवायला हवी होती. पण माझी नजर पलंगावर होती आणि पलंगावरचा एकही गणपती सरळ नव्हता. एक डावीकडे कललेला, एक इतका वर की मुकुट कागदाबाहेर, एकाची सोंड नावांच्या दिशेने लोंबत होती. पाहवेना मला.

"अहो बाबा, निदान सरळ तरी मारा."

"तुका जमता तर तू मार."

मी मारले. पुठ्ठ्याचा काटकोन कापून घेतला, पत्रिका त्यात बसवायची, शिक्क्याच्या खाली एक खूण, की प्रत्येक गणपती त्याच जागी. शाई जरा कमी घेतली. बाबांचे वाकडे गणपती गावाकडच्या पाहुण्यांसाठी वेगळे ठेवले आणि उरलेला सगळा गठ्ठा मी एकटीने संपवला. शेवटी आई म्हणाली, "ही छापल्यासारखी दिसतात हो," आणि मला खूप आनंद झाला. हात धुताना कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसरी पत्रिका तयार झाली होती आणि ती मीच तयार केली होती.

माधुरीला सांगायचं धाडस नव्हतं. आता निदान घाटकोपरच्या पत्रिका तरी जशाच्या तशा आहेत, असा मनाला आधार देत मी दुसऱ्या दिवशी उरलेली पाकिटं पोचवायच्या निमित्ताने तिकडे गेले. माधुरी बाजारात गेली होती. अंबादासकाका टेबलाशी बसले होते. समोर सोनेरी स्टिकरचा ताव, त्यावर बुद्ध आणि बाबासाहेब. हातात चिमटा. काका श्वास रोखून स्टिकर चिकटवत होते.

मला बघून ते जराही दचकले नाहीत. "ये ये. तुझी ती जागा बरोबर आहे हं, अगदी मापात बसतात. आता आमच्या जालन्याच्या लोकांना पाठवायच्या, तर त्यांचा फोटो नसून कसं चालेल? मुलीच्या लग्नाची पत्रिका आहे."

मी खुर्चीत बसले. ह्यांचे सगळे सरळ होते, मिलिमीटर मोजून. सरळ होते म्हणूनच खटकत होते. मोजून मध्यावर लावलेली गोष्ट डोळ्याला खाली ओघळलेली दिसते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी गप्प बसायचा प्रयत्न केला. प्रामाणिकपणे केला.

"काका, थोडं वर घ्या," मी म्हणाले. "थोडंसंच. हां, तिथे."

त्यांनी लांब धरून बघितलं. चेहरा उजळला. "अरे वा. आता कसे रुबाबात दिसतात." मग उरलेल्या पत्रिकांवर ते चिकटवत गेले आणि मी जागा दाखवत गेले. माधुरी परत यायच्या आत सगळं कपाटात गेलं. ती आली, पिशवी ठेवली आणि मला म्हणाली, "तू काय इतकी घामाघूम झालीस?" मी पंख्याला दोष दिला.

आता पुढच्या रविवारचं मरण होतं. व्याह्यांना पत्रिका हाती द्यायची असते, पोस्टाने नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. आम्ही घाटकोपरला जाऊन त्यांना द्यायची आणि तिथेच त्यांनी आम्हाला द्यायची, असं ठरलं होतं. म्हणजे बाबा गणपतीवाली काढणार, काका स्टिकरवाली काढणार, आणि दोन्ही माधुरीसमोर एकाच टीपॉयवर पडणार.

एखादी कोरी सापडली तर बाबांच्या पिशवीत सरकवून द्यावी म्हणून मी सगळं घर शोधलं. एकही मिळाली नाही. मी काम मन लावून केलं होतं. कॉलेजात दाखवायला ठेवलेल्या प्रतीसुद्धा आईने हौसेने शेजारी वाटून टाकल्या होत्या. दादाला सगळं सांगितलं तर त्याने बिस्किटाचा पुडा फोडला.

"वाट लागली यार," तो म्हणाला. "ती बोलते ते करते."

"मग तू सांग ना तिला आधीच."

"तू सांग. शिक्के तू मारलेस."

कुणीच सांगितलं नाही. रविवारी आम्ही चौघं घाटकोपरला गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पोहे झाले, चहा झाला, हॉलच्या पार्किंगवर बोलणं झालं. माधुरी दादाच्या शेजारी बसून हसत होती आणि मी रिकाम्या बशीत चमचा फिरवत होते. हिने आता हॉलवर यायचं नाही म्हटलं तर ते माझ्या हातांनी होणार होतं. एक चांगलं काम केलं होतं मी आयुष्यात, आणि तेही सरळ रेषेच्या हौसेपायी मातीत घातलं होतं.

बाबा उभे राहिले. त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी अंबादासकाकांना दिलं. "यायचं हां सगळ्यांनी. तुमचंच कार्य आहे."

काकांनी पाकीट उघडलं. मी खाली फरशीकडे बघत राहिले. पाकिटाचा आवाज थांबला तशी मान वर केली.

पत्रिका कोरी होती. वर गणपती नव्हता. कोपऱ्यांना हळद नव्हती, कुंकू नव्हतं. जशी छापखान्यातून आली तशी.

काका तिच्याकडे बघत होते. मग कपाटाकडे गेले, त्यांचं पाकीट आणलं आणि बाबांना दिलं. बाबांनी चष्मा लावून उघडलं. तीही कोरी होती. बाबांनी ती उलटसुद्धा करून बघितली.

दोघांनीही शिक्के मारण्याआधी, स्टिकर लावण्याआधीच एकेक पत्रिका बाजूला काढून ठेवली असणार. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. एकमेकांना तर नाहीच.

सोनूबाई पुढे झुकल्या. त्यांनी बाबांच्या हातातल्या पत्रिकेवर बोट ठेवलं. "अंबादास, हिच्यावर चिकटवायचं सुटलं व्हय रे? बाकीच्यावर तर समद्यावर लावलंय."

माधुरीचं हसणं थांबलं. "बाकीच्यांवर काय लावलंय?"

मग सगळं बाहेर आलं. स्टिकर आले, शिक्के आले, हळद आली. दादाने कुठलंतरी बिस्किट शोधायला सुरुवात केली. मी म्हणाले, "सरळ मी मारले, माधुरी. आणि इथले पण मीच वर घेतले." हे सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला, की सोनूबाईंनी परत विचारलं आणि मला परत सांगावं लागलं.

माधुरीने दोघांच्या हातांतून त्या दोन पत्रिका घेतल्या. टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवल्या. तिचा चेहरा मला वाचता येत नव्हता. ती बाबांना म्हणाली, "सगळ्यांवर मारलात शिक्का, काका. मग हीच का सोडलीत?"

बाबा घुटमळले. घरी आमच्यावर ओरडणारा माणूस, इथे शब्द शोधत होता. "तुझ्या वडिलांच्या हातात द्यायची होती ना," ते म्हणाले. "त्यांनी ती आपल्या घरात ठेवायची. मग त्यांना अवघड वाटेल असं काही कशाला."

"हळद पण नाही लावलीत?"

"नाही लावली." ते पिशवीची घडी घालत होते. "जीव खाली-वर होत होता माझा. पण नाही लावली."

अंबादासकाका खिडकीकडे तोंड करून उभे होते. तिथूनच म्हणाले, "मीही म्हटलं, ह्यांच्याकडे देवासमोर ठेवतात पत्रिका. ठेवताना त्यांना संकोच वाटायला नको." मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुसलेला परत पुसला.

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मॅडमना लिहून दिलेली दोन पानं डोळ्यांसमोर आली. त्यात ह्यातलं एक अक्षर नव्हतं. मी कोरी जागा सोडली होती, पण ती कोरी राखली ह्या दोघांनी, आणि फक्त एकमेकांसाठी.

माधुरी अजून त्या दोन पत्रिकांकडे बघत होती. आई तिच्या तोंडाकडे, दादा तिच्या तोंडाकडे, आम्ही सगळेच. पोह्यांच्या बश्या तशाच पडलेल्या.

"काका," ती शेवटी बाबांना म्हणाली, "हॉलवर जेवणात आइस्क्रीम आहे का?"

बाबांना आधी कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "आहे ना. असणार. कुठलं पाहिजे तुला?"

"कुठलंही चालेल. पप्पांना विचारून ठरवा," माधुरी म्हणाली, आणि उठून बश्या गोळा करायला लागली.